पीएचपीत सॉकेटवरून माहिती स्वीकारताना : वाळपईच्या कुळागरातील पर्जन्यमापकाच्या निमित्ताने

सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे माझ्या एका स्नेह्यांचे कुळागर आहे. पोफळी, माड, मिरीच्या वेली आणि मधून वाहणारा पाट अशा त्या जागेत त्यांनी एक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवला आहे. गोव्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे या यंत्राला पावसाळ्यात क्षणाची उसंत नसते. ते दर पाच मिनिटांनी मोबाइल सिमच्या जोडणीवरून एक छोटी ओळ पाठवते आणि भाड्याने घेतलेल्या एका सर्व्हरवरचा पीएचपीत लिहिलेला प्रोग्राम ती ओळ सॉकेटमधून, म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीच्या आपल्या बाजूच्या टोकातून, स्वीकारून साठवतो. हा प्रोग्राम मी लिहिला, दोनदा चुकवला आणि तिसऱ्यांदा बऱ्यापैकी उभा केला. त्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत पोहोचण्याच्या पायऱ्या येथे क्रमाने मांडल्या आहेत.

अशा कामाला पीएचपी कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. आमच्या बाबतीत उत्तर साधे होते. पावसाचे आकडे दाखवणारे संकेतस्थळ आधीच पीएचपीत होते, ते सांभाळणारा माणूसही एकच होता, आणि आकडे घेण्यासाठी दुसरी भाषा आणली असती तर त्या माणसाला दोन घरे सांभाळावी लागली असती. वाचकाला पीएचपीतील व्हेरिएबल, अ‍ॅरे, लूप आणि फंक्शन यांची ओळख आहे असे मी गृहीत धरतो. फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत आणि शब्दांमधली अंडरस्कोरची रेघ तशीच ठेवली आहे. ‘रेकव्ह’ हे ‘रिसीव्ह’ या शब्दाचे आर, ई, सी, व्ही एवढ्या चार अक्षरांत आटोपलेले रूप आहे. संगणकावर टाइप करताना ती चारच अक्षरे लिहावीत.

प्रोग्राम चालवण्याची जागा

पहिली गोष्ट म्हणजे हा प्रोग्राम ब्राउझरमधून उघडण्याच्या पानासारखा चालवायचा नाही. वेब सर्व्हरमार्फत चालणाऱ्या पीएचपीला मुळात ३० सेकंदांची मुदत असते आणि दिवसरात्र कान देऊन बसणाऱ्या प्रोग्रामला ती उपयोगाची नाही. टर्मिनलवरून चालवलेल्या पीएचपीला अशी मुदत नसते, म्हणून तेथूनच तो सुरू करावा. नेहमीच्या स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर असा प्रोग्राम चालू ठेवण्याची आणि हवे ते पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरचे क्रमांकाने ओळखले जाणारे दार, उघडण्याची मुभा सहसा नसते. त्यामुळे ज्यावर आपला पूर्ण ताबा आहे असा छोटा स्वतंत्र सर्व्हर घ्यावा.

त्यानंतर सॉकेट्स हे एक्स्टेन्शन उपलब्ध आहे का ते तपासावे. टर्मिनलवर ‘पीएचपी’ लिहून पुढे वजाचे चिन्ह आणि ‘एम’ हे अक्षर दिले की बसवलेल्या सर्व मॉड्यूलांची यादी येते, त्यात ‘सॉकेट्स’ दिसले पाहिजे. विंडोजवर बहुधा पीएचपीच्या इनी फाइलमधील त्या एक्स्टेन्शनच्या ओळीपुढचे अर्धविरामचिन्ह काढावे लागते. आवृत्तीही पाहून घ्यावी. पीएचपी ८ पासून सॉकेट_क्रिएट हे फंक्शन रिसोर्स न देता सॉकेट नावाचा ऑब्जेक्ट देते. त्यामुळे जुन्या लेखांमधून उचललेली ‘हा रिसोर्स आहे का’ ही तपासणी नव्या आवृत्तीत नेहमी नकारार्थी उत्तर देते आणि सगळे सुरळीत असताना प्रोग्राम थांबतो. त्याऐवजी परत आलेली किंमत काटेकोरपणे, म्हणजे तीन बरोबर चिन्हांनी, फॉल्सशी ताडून पाहावी.

पीएचपीत नेटवर्कवरून माहिती घेण्याचे दोन मार्ग आहेत. सॉकेट या शब्दाने सुरू होणाऱ्या फंक्शनांचा मार्ग ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ सॉकेटांच्या अगदी जवळून जातो; ही रचना १९८३ साली आलेल्या बर्कली युनिक्सच्या ४.२ आवृत्तीपासून चालत आलेली आहे. दुसरा मार्ग स्ट्रीमचा. त्यात स्ट्रीम_सॉकेट_सर्व्हरने दार उघडायचे आणि फाइल वाचावी तसे एफरीडने वाचायचे. माहिती टीएलएसने सांकेतिक करून आणायची असेल तर स्ट्रीमचाच मार्ग धरावा, कारण सॉकेट्स एक्स्टेन्शनमध्ये ती सोय नाही. मी येथे पहिला मार्ग निवडला आहे, कारण प्रत्यक्षात काय घडते ते त्यात झाकले जात नाही आणि एकदा ते समजले की दुसरा मार्ग अर्ध्या दिवसात हाताखाली येतो.

दार उघडणे

ऐकणारे सॉकेट उभे करण्याचा क्रम ठरलेला आहे आणि त्यात रेंगाळण्यासारखे फारसे नाही. सॉकेट_क्रिएटला एएफ_आयनेट, सॉक_स्ट्रीम आणि एसओएल_टीसीपी हे तीन स्थिरांक द्यावेत, म्हणजे आयपीच्या चौथ्या आवृत्तीवरचे टीसीपी, म्हणजे आधी जोडणी करून मग बाइट क्रमाने पोहोचवणाऱ्या पद्धतीचे, सॉकेट मिळते. लगेच सॉकेट_सेट_ऑप्शनने एसओ_रीयूजअ‍ॅडर हा पर्याय १ करावा. हे विसरले तर प्रोग्राम बंद करून लगेच पुन्हा सुरू करताना ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशी चूक येऊ शकते, लिनक्सवर तिचा क्रमांक ९८. जुन्या जोडण्यांचे अवशेष ऑपरेटिंग सिस्टिम साधारण मिनिटभर राखून ठेवते, त्यामुळे हे होते. नंतर सॉकेट_बाइंडने पत्ता आणि पोर्ट जोडावे, सॉकेट_लिसनने ऐकणे सुरू करावे आणि सॉकेट_अ‍ॅक्सेप्टने येणारी जोडणी स्वीकारावी. अ‍ॅक्सेप्टकडून मिळते ते वेगळे, नवे सॉकेट असते. माहिती त्यावर येते आणि मूळ सॉकेट फक्त दाराशी उभे राहते. नवशिके अनेकदा मूळ सॉकेटवरच वाचायला जातात आणि क्रमांक १०७ ची, म्हणजे ‘जोडणीच नाही’ अशी चूक पाहून गोंधळतात.

पत्ता देताना विचार करावा. १२७.०.०.१ दिला तर फक्त त्याच संगणकावरून जोडता येते आणि चाचणी चालू असेपर्यंत तेच योग्य आहे. ०.०.०.० दिला तर संगणकाच्या सर्व पत्त्यांवर दार उघडते आणि मग फायरवॉलमध्ये त्या पोर्टची वाटही मोकळी करावी लागते. पोर्ट १०२४ पेक्षा कमी घेऊ नये, त्यासाठी विशेष अधिकार लागतात. लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना स्वतः ३२७६८ पासून पुढचे क्रमांक देते, म्हणून त्याच्या खालचा एखादा घ्यावा. आम्ही ५०५१ घेतला.

जोडणी यंत्राने सर्व्हरकडे करावी, सर्व्हरने यंत्राकडे नव्हे. मोबाइल सिमवर मिळणारा पत्ता बहुधा अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि बाहेरून त्या यंत्रापर्यंत पोहोचण्याची वाट नसते.

टीसीपी ओघ देते, निरोप देत नाही

माझी पहिली आवृत्ती येथेच फसली होती. यंत्राने एकदा पाठवले की आपण एकदा वाचायचे, असा माझा समज होता, आणि घरच्या टेबलावर दोन्ही प्रोग्राम एकाच संगणकावर चालवताना तो समज दर वेळी खरा ठरत असे. वाळपईहून आकडे येऊ लागल्यावर मात्र कधी अर्धी ओळ हाती लागे, तर कधी दोन ओळी एकमेकींना चिकटून येत.

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणावी. लग्नाला निघालेले पंधरा जणांचे एक बिऱ्हाड धक्क्यावर येते, त्यामागे दुसरे दहा जणांचे. बोटीत जेवढी जागा तेवढे लोक चढतात. पहिल्या बिऱ्हाडातले बारा या खेपेला गेले, तर उरलेले तीन आणि दुसऱ्या बिऱ्हाडातले सगळे पुढच्या खेपेला पलीकडे उतरतात. रांग मोडलेली नसते, माणूस हरवलेला नसतो, पण कोणते बिऱ्हाड कोठे संपले हे बोटीला माहीत नसते आणि ती सांगणारही नाही. टीसीपी नेमके असेच वागते. बाइट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने आणि एकही न गाळता पोहोचतील, एवढीच त्याची हमी असते. पाठवणाऱ्याने कितीदा पाठवले आणि स्वीकारणाऱ्याला कितीदा वाचावे लागेल, यांचा संबंध नसतो. इथरनेटवर एका खेपेला नेहमी १,४६० बाइटांच्या आसपास मजकूर जातो, परंतु आपली ओळ त्याहून लहान आहे म्हणून ती अखंडच येईल असे मानू नये.

म्हणून निरोप कोठे संपतो हे ठरवण्याची आणि ओळखण्याची जबाबदारी आपली. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

सॉकेट_रेकव्हची तीन उत्तरे

वाचण्यासाठी सॉकेट_रीड आणि सॉकेट_रेकव्ह ही दोन फंक्शने आहेत. सॉकेट_रीड थेट स्ट्रिंग परत करते, म्हणून ते सोपे वाटते. त्याला पीएचपी_नॉर्मल_रीड हा प्रकार दिला तर ते ओळ संपताच थांबते. पण ते कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन या ओळ संपवणाऱ्या दोन्ही चिन्हांवर थांबते, त्यामुळे ज्या यंत्रांच्या ओळी या दोन्ही चिन्हांनी संपतात त्यांच्याकडून प्रत्येक खऱ्या ओळीमागे एक पोकळ ओळ मिळते. मी सॉकेट_रेकव्हच वापरतो, कारण त्याची तीन उत्तरे एकमेकांत मिसळत नाहीत.

त्याला चार गोष्टी द्याव्या लागतात : सॉकेट, मजकूर भरण्यासाठी व्हेरिएबल, जास्तीत जास्त किती बाइट घ्यायचे तो आकडा, आणि फ्लॅग, म्हणजे वाचण्याची रीत बदलणारा संकेत. उत्तर म्हणून धन संख्या आली तर तेवढे बाइट व्हेरिएबलमध्ये भरले गेले. शून्य आले तर समोरच्याने जोडणी रीतसर बंद केली आहे. आता या सॉकेटवर काही येणार नाही, ते बंद करावे. फॉल्स आले तर काही बिघडले आहे, आणि काय बिघडले ते सॉकेट_लास्ट_एररला त्या सॉकेटसह विचारावे. लिनक्सवर ११ क्रमांकाचा अर्थ ‘सध्या काही आलेले नाही’ एवढाच असतो, तो बिघाड नव्हे. सॉकेट नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे वाट न पाहता लगेच परतणारे, केले असेल किंवा वाचण्याची मुदत संपली असेल तेव्हा तो येतो. १०४ म्हणजे समोरच्याने जोडणी तोडून टाकली. विंडोजवर हेच क्रमांक अनुक्रमे १००३५ आणि १००५४ असतात, म्हणून संख्या लिहिण्यापेक्षा सॉकेट_ईवुडब्लॉक आणि सॉकेट_ईकॉनरीसेट यांसारखे स्थिरांक वापरावेत. चूक वाचून झाली की सॉकेट_क्लिअर_एररने ती पुसावी, अन्यथा जुनाच क्रमांक पुढच्या वेळी नव्याने घडल्यासारखा समोर येतो.

किती बाइट घ्यायचे या आकड्याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. ४,०९६ दिले म्हणजे ४,०९६ मिळतील असे नाही, ती केवळ वरची मर्यादा आहे. तेवढे पूर्ण भरेपर्यंत थांब, असे सांगणारा एमएसजी_वेटऑल हा फ्लॅग आहे; परंतु समोरचा मध्येच गेला तर त्यातही कमी मिळतात, आणि एका यंत्रासाठी असे अडून राहिले तर बाकीची यंत्रे ताटकळतात. एमएसजी_पीकने मजकूर न काढता डोकावून पाहता येते. ही सोय मला आजवर फक्त दोष शोधतानाच उपयोगी पडली आहे.

शून्य मिलिमीटरचा घोटाळा

दुसऱ्या आवृत्तीची फजिती सांगण्यासारखी आहे. तेव्हा यंत्र मागील २४ तासांच्या पावसाची बेरीज एका ओळीत, नुसता आकडा म्हणून पाठवत असे. जूनमध्ये प्रोग्राम सुरू केला, चवथीपर्यंत तो घड्याळासारखा चालला आणि आम्ही निर्धास्त झालो. दसरा उलटला, पावसाने उघडीप दिली आणि प्रोग्राम जोडण्या तोडू लागला. यंत्र जोडे, ओळ पाठवी, प्रोग्राम दार लावी, यंत्र पुन्हा जोडे, आणि नोंदवहीत हजारो जोडण्या, पण आकडा एकही नाही. स्नेह्यांनी सिम बदलून पाहिले, मी फायरवॉल उलटसुलट केली.

कारण एका ओळीत होते. आलेली ओळ ट्रिम करून ती ‘रिकामी असेल तर जोडणी बंद कर’ असे मी लिहिले होते, आणि पीएचपीत ‘०’ ही एका अक्षराची स्ट्रिंग खरे-खोटे ठरवताना खोटी मानली जाते. एम्टीही तिला रिकामीच म्हणते. पावसाळ्यात २४ तासांची बेरीज कधी शून्यावर आली नाही, म्हणून चूक चार महिने लपून राहिली. गंमत म्हणजे ‘०.०’ ही स्ट्रिंग खरी मानली जाते. यंत्राने दशांश चिन्हासह शून्य पाठवले असते तर ही चूक कदाचित अजून सापडली नसती. तेव्हापासून मी वाइल लूपच्या अटीत वाचलेली किंमत थेट कधीच ठेवत नाही. रिकामेपण तपासायचे असेल तर लांबी शून्य आहे का ते पाहतो, आणि फॉल्स तपासायचे असेल तर तीन बरोबर चिन्हे वापरतो.

तुकडे जोडून ओळ करणे

आता मुख्य काम. प्रत्येक जोडणीसाठी एक स्ट्रिंग राखून ठेवावी आणि तिला साठा म्हणावे. सॉकेट_रेकव्हने जे काही दिले ते न तपासता साठ्याच्या शेवटी जोडावे. त्यानंतर एसटीआरपॉसने साठ्यात न्यूलाइन शोधावी. सापडली तर तिच्या आधीचा भाग ही पूर्ण ओळ; ती काढून पुढच्या कामाला द्यावी, न्यूलाइन टाकून द्यावी आणि साठ्यात उरलेला भागच ठेवावा. हे एकदाच करून थांबू नये, न्यूलाइन सापडेनाशी होईपर्यंत लूपमध्ये करत राहावे, कारण एका वाचनात तीन ओळीही आलेल्या असू शकतात. उरलेला अर्धा तुकडा साठ्यात पडून राहतो आणि पुढच्या वाचनात पुरा होतो. एसटीआरपॉसचे उत्तरही फॉल्सशी काटेकोरपणेच ताडावे. न्यूलाइन अगदी सुरुवातीला असेल तर उत्तर शून्य येते, आणि पुन्हा तोच घोटाळा होतो.

साठ्याला मर्यादा घालावी. आमची ओळ शंभर बाइटांच्या पुढे जात नाही, म्हणून साठा ४,०९६ बाइटांच्या वर गेला आणि तरीही न्यूलाइन आली नाही तर जोडणी तोडून टाकतो. पीएचपीची स्मृतीची मर्यादा मुळात १२८ मेगाबाइट असते, आणि न्यूलाइन न देता बाइट ओतत राहणारा एखादा पाहुणा ती भरून सगळा प्रोग्राम पाडू शकतो.

मराठीत नावे पाठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘वाळपई’ या नावात पाच चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट. ‘म्हापसा’ यात सात, म्हणजे २१. वाचनाचा तुकडा एखाद्या अक्षराच्या मधोमधही तुटू शकतो, आणि तो अर्धा तुकडा तसाच डेटाबेसमध्ये टाकला किंवा जेसनमध्ये बदलायला गेले तर चूक येते. म्हणून तुकड्यावर मजकुराची कोणतीही प्रक्रिया करू नये, ती पूर्ण ओळ हाती आल्यावरच करावी. न्यूलाइनचा बाइट मात्र निर्धास्तपणे शोधता येतो, कारण यूटीएफ-८ मधील बहुबाइटी चिन्हांत तो कधीही येत नाही.

लांबी आधी सांगण्याची पद्धत

मजकुरातच न्यूलाइन असू शकेल, किंवा चित्रासारखी बायनरी माहिती आणायची असेल, तर ओळीची पद्धत चालत नाही. मग निरोपाच्या आधी त्याची लांबी चार बाइटांत पाठवण्याची रीत वापरावी. पाठवणारा पॅक फंक्शनला मोठ्या लिपीतील ‘एन’ हा संकेत देऊन लांबी चार बाइटांत भरतो आणि आपण अनपॅकने ती उलगडतो. अनपॅक अ‍ॅरे देते आणि नाव न दिल्यास तिचा पहिला क्रमांक शून्य नसून १ असतो.

साठ्याचे तत्त्व येथेही तेच. साठ्यात चार बाइट जमेपर्यंत थांबावे, कारण हे चार बाइटसुद्धा दोन खेपांत येऊ शकतात. लांबी कळली की चार अधिक तेवढे बाइट जमेपर्यंत थांबावे, पूर्ण निरोप कापून घ्यावा आणि उरलेल्यावर पुन्हा तेच करावे. लांबी बाइटांत मोजावी, म्हणजे एसटीआरलेन वापरावे. एमबी_एसटीआरलेन चिन्हे मोजते, आणि ‘वाळपई’साठी १५ च्या जागी ५ पाठवले गेले तर त्यापुढचा प्रत्येक निरोप सरकतो.

आलेल्या लांबीवर विश्वास ठेवू नये. सार्वजनिक पत्त्यावर पोर्ट उघडले की काही तासांत अनोळखी प्रोग्राम दार ठोठावू लागतात आणि त्यांतील बरेच तेथे संकेतस्थळ आहे असे समजून ‘गेट’ ही एचटीटीपीची विनंती पाठवतात. त्या विनंतीची इंग्रजीतील तीन अक्षरे आणि त्यामागची मोकळी जागा असे चार बाइट लांबी म्हणून वाचले तर १,१९,५७,२५,८५६ हा आकडा निघतो. नोंदवहीत हा आकडा दिसला तर यंत्र बिघडलेले नाही, कोणीतरी भलतेच दारात आले होते, असे समजावे. आपल्या निरोपाची कमाल लांबी ठरवून त्याहून मोठा आकडा आला की जोडणी तत्काळ तोडावी.

माझे मत विचाराल तर आकड्यांच्या छोट्या ओळींसाठी न्यूलाइनच बरी. ती टर्मिनलवर डोळ्यांनी वाचता येते, आणि मध्यरात्री दोष शोधताना त्याचे मोल कळते.

अनेक यंत्रे, एक प्रोग्राम

वाळपईचे पाहून सांगे आणि काणकोण या तालुक्यांतील आणखी दोघांनी यंत्रे बसवली, तेव्हा एका सॉकेटवर वाचत अडून राहणे परवडेना. सॉकेट_सिलेक्ट हे काम सोपे करते. त्याला ऐकणारे सॉकेट आणि सर्व जोडण्यांची सॉकेटे एका अ‍ॅरेत द्यायची आणि किती सेकंद वाट पाहायची ते सांगायचे. ज्यांवर काही घडले तेवढीच सॉकेटे त्या अ‍ॅरेत उरतात. म्हणजे दिलेली अ‍ॅरे ते बदलून टाकते, म्हणून मूळ यादीची प्रत काढून प्रतच द्यावी. हे विसरणाऱ्याच्या जोडण्या एकेक करून गायब होतात. लेखन आणि अपवाद यांवर नजर ठेवण्यासाठी ते आणखी दोन याद्या मागते, त्यांच्या जागी नल ठेवावे. ते संदर्भाने घेतले जात असल्यामुळे आधी व्हेरिएबलमध्ये घालून द्यावे लागते.

उत्तर शून्य आले तर मुदत संपली, फॉल्स आले तर चूक. मुदतीच्या जागी ० सेकंद देऊ नये, कारण मग लूप क्षणभरही न विसावता फिरतो आणि प्रोसेसर तापतो. आम्ही ३० देतो. ऐकणारे सॉकेट उरलेल्या यादीत असेल तर नवी जोडणी स्वीकारून तिचा साठा रिकामी स्ट्रिंग म्हणून सुरू करावा. बाकीच्या प्रत्येकावर सॉकेट_रेकव्ह एकदाच चालवून वर सांगितल्याप्रमाणे तुकडे जोडावेत. जोडणी बंद झाली तरी ते सॉकेट ‘वाचण्यास तयार’ म्हणूनच दिसते आणि रेकव्ह शून्य देते. तेव्हा सॉकेट बंद करून यादीतून, आणि साठाही त्याच्या अ‍ॅरेतून काढून टाकावा. ही पद्धत नेहमीच्या लिनक्सवर सुमारे हजार सॉकेटांपर्यंत पुरते. गोव्यातल्या कुळागरांसाठी ती पुष्कळ झाली.

वीज गेली, पण जोडणी ‘चालूच’

वादळी पावसात माडाची झावळी तारेवर पडते आणि कुळागरातली वीज जाते. बॅटरी उतरली की यंत्र निरोप न घेता गप्प होते. जोडणी बंद झाल्याचे सांगणारे काहीच सर्व्हरपर्यंत येत नाही, त्यामुळे सर्व्हरच्या लेखी ती चालूच राहते. वीज परत आली की यंत्र नवी जोडणी करते आणि जुनी तशीच लोंबकळत राहते. एका जुलैत माझ्या यादीत एकाच यंत्राच्या चाळीसच्या वर जोडण्या साचल्या होत्या.

एसओ_कीपअलाइव्ह हा पर्याय अशा जोडण्या हुडकतो खरा, पण लिनक्सवर तो मुळात ७,२०० सेकंदांच्या, म्हणजे दोन तासांच्या शांततेनंतर जागा होतो. तो लावावा, पण त्यावर विसंबू नये. प्रत्येक जोडणीमागे ‘शेवटचे कधी ऐकले’ ती वेळ नोंदवावी, आणि सिलेक्टच्या दर फेरीत ती तपासून १५ मिनिटे काहीच आले नसेल तर जोडणी आपणच बंद करावी. यंत्र दर पाच मिनिटांनी बोलते, म्हणजे तीन हाका चुकल्या की ते गेले असे धरायचे. सिलेक्टला ३० सेकंदांची मुदत देण्याचे खरे कारण हेच. कोणीही बोलत नसले तरी अर्ध्या मिनिटाने ही तपासणी होते.

यूडीपी आणि वेळेची नोंद

यूडीपी ही टीसीपीला पर्यायी पद्धत, तीत जोडणी नसते. सॉक_डीग्रॅम आणि एसओएल_यूडीपी देऊन सॉकेट करावे, बाइंड करावे आणि सॉकेट_रेकव्हफ्रॉमने वाचावे, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोर्टही त्यातून मिळतात. येथे एक वाचन म्हणजे एक निरोप, साठ्याची गरज नाही. पण दिलेली मर्यादा निरोपाहून कमी असेल तर उरलेले बाइट कायमचे जातात, आणि निरोप वाटेत हरवला तर कोणी कळवत नाही. पावसाच्या नोंदीत मला खाडा नको होता, म्हणून मी टीसीपी घेतले.

आलेल्या ओळीवर सर्व्हरने स्वतःची वेळ घालावी, यंत्राच्या घड्याळावर विसंबू नये. पीएचपीची वेळ मुळात जागतिक प्रमाणवेळ असते, तेव्हा सुरुवातीलाच ती ‘एशिया/कोलकाता’ करावी. भारतीय हवामान विभाग दिवसाचा पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा मोजतो. घड्याळ साडेपाच तासांनी मागे राहिले तर आपली बेरीज त्यांच्या बेरजेशी कधीच जुळणार नाही.

मुद्दाम छळून पाहणे

प्रोग्राम टेबलावर चालतो म्हणून तो वाळपईला चालेल असे नाही, हे मी दोनदा शिकलो, म्हणून चाचणी मुद्दाम वाईट परिस्थितीत करावी. प्रथम नेटकॅट या टर्मिनलवरून जोडणी करणाऱ्या साधनाने १२७.०.०.१ वर ५०५१ पोर्टला जोडून हाताने ओळी टाइप कराव्यात. त्यांत एक नुसते शून्य, एक रिकामी आणि एक देवनागरीतील नाव असलेली ओळ जरूर असावी. नंतर पीएचपीतच एक छोटा पाठवणारा प्रोग्राम लिहून ‘म्हापसा’ हे नाव एकेक बाइट करून, प्रत्येक बाइटानंतर यूस्लीपने अर्ध्या सेकंदाची विश्रांती देत पाठवावे आणि दुसऱ्या टोकाला ते अखंड उमटते का ते पाहावे. मग तोच प्रोग्राम पन्नास ओळी एकाच फटक्यात पाठवील असा बदलावा आणि पन्नासच नोंदी झाल्या का ते मोजावे. त्यानंतर अर्धी ओळ पाठवून जोडणी बंद करावी. तो तुकडा नोंद म्हणून साठवला जाता कामा नये.

या सगळ्यातून प्रोग्राम तरला की तो सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, ताब्यात द्यावा आणि पडल्यास आपोआप पुन्हा सुरू होण्याची सूचना त्यात लिहावी. शेवटची चाचणी खऱ्या यंत्रावर घ्यावी लागते. स्नेह्यांना फोन करून यंत्राची बॅटरी तारेसह काढायला सांगावी, सर्व्हरवर नोंदवही उघडून ठेवावी आणि घड्याळाकडे पाहत बसावे. पंधरा मिनिटे उलटल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत त्या जोडणीचे दार लावल्याची ओळ तेथे उमटली पाहिजे.